रेफरची चिठ्ठी परत येईपर्यंत: बीपी, शुगर आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी गाव ते मोठा दवाखाना ही साखळी कशी बांधावी

साठीच्या एक काकू उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आल्या. ‘डोयासमोर जायं आल्यावानी दिसते,’ म्हणाल्या. दहा वर्षांची शुगर. कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेले कागद त्यांनी टेबलावर ओतले आणि त्यात मला माझीच काही महिन्यांपूर्वीची चिठ्ठी सापडली. ‘मधुमेह. डोळे तपासणीसाठी वरच्या रुग्णालयात रेफर.’ खाली माझी सही. त्या गेल्या होत्या. दोन एसटी बदलून पोहोचल्या, तर डोळ्यांची ओपीडी त्या दिवशी नव्हती. ‘परवा या’ असं सांगण्यात आलं. परवा कापूस वेचणी होती. नंतर ना त्या रुग्णालयाने विचारलं, ना आम्ही. आमच्या मासिक अहवालात मात्र त्या ‘रेफर केलेले रुग्ण’ या रकान्यात एक म्हणून मोजल्या गेल्या होत्या.

त्या चिठ्ठीवर कोणता दिवस, कोणती खोली, कोणाला भेटायचं, यातलं काहीही नव्हतं. तेव्हापासून मी एकच व्याख्या धरून चाललो आहे: रुग्ण तपासून परत गावात आला, तिथे सांगितलेलं औषध इथे त्याच्या हातात पडलं आणि तो ते घेतोय याची खात्री झाली, की रेफरल पूर्ण. त्याआधीचं सगळं अर्धवट. पुढच्या पायऱ्या या व्याख्येवर बेतल्या आहेत. वैद्यकीय अधिकारी (एमओ), सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर, आशा ताई आणि त्यांच्या गटप्रवर्तक यांच्यासाठी त्या लिहिल्या आहेत. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. एक रजिस्टर, कार्बनचं चिठ्ठीबुक, चालू असलेला फोन आणि महिन्यातले दोन तास लागतात.

पायरी १. नकाशा काढा, पण एसटीच्या वेळेचा

एक मोठी ड्रॉइंग शीट घ्या. मधोमध आपली पीएचसी, भोवती उपकेंद्रं आणि मग आपले रुग्ण खरोखर जिथे जातात ती सगळी ठिकाणं. सरकारी उतरंड आपल्याला पाठ असते: उपकेंद्र, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज. रुग्ण मात्र बस जाईल तिकडे जातो. वणीच्या माणसाला यवतमाळपेक्षा चंद्रपूर सोयीचं. उमरखेडचा नांदेडला जातो. धारणीतल्या कुटुंबाला मेळघाटचा घाट उतरून अमरावती गाठण्यापेक्षा मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर जवळ वाटतं. सिरोंच्याची माणसं पूल ओलांडून तेलंगणात जातात, वडसा-कुरखेड्याची ब्रह्मपुरीला. ही वस्तुस्थिती नाकारून चिठ्ठीवर जिल्ह्याचं ठिकाण लिहीत राहिलो तर चिठ्ठी घरातच राहते. जिल्ह्याबाहेरचं सरकारी रुग्णालय सोयीचं असेल तर तेही नकाशावर घ्या.

प्रत्येक ठिकाणासमोर पाच गोष्टी लिहा: कोणत्या आजाराची ओपीडी कोणत्या वारी असते, केसपेपरची खिडकी कधी बंद होते, कोणत्या तपासण्या तिथेच होतात, भेटायचं कोणाला (नाव आणि फोन), आणि आपल्या गावाहून पहिली बस व परतीची शेवटची बस किती वाजता. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. परतीची बस चारला सुटत असेल आणि रिपोर्ट पाचला मिळत असेल, तर त्या माणसाला मुक्काम करावा लागणार. मुक्कामाचं ऐकलं की निम्मे लोक जातच नाहीत. गडचिरोलीत, मेळघाटात एखाद्या ठिकाणी मुक्काम अटळ असेल तर तसं लिहा आणि धर्मशाळा, नातेवाईक यांची सोय आधीच विचारा.

फोनवरचा माणूस मिळवणं हे या पायरीतलं अवघड काम. पीएचसी आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय तिसऱ्याच खात्याचं. रुग्ण एकच, पण पीएचसीतून मेडिकलला पोहोचेपर्यंत त्याला तीन खाती ओलांडावी लागतात आणि एका खात्याचा कागद दुसऱ्याला बांधील नसतो. वरून आदेश येण्याची वाट पाहू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना गाठा, ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांसोबत एक तासाची बैठक लावायला सांगा. त्या बैठकीत मागायचं एकच: एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमधल्या एका सिस्टरचं नाव, जी आपल्या रुग्णाची चिठ्ठी ओळखेल. तिचं नाव-नंबर शीटवर पेन्सिलने लिहा, कारण बदल्या होतात. दर तीन महिन्यांनी सगळे नंबर लावून पाहा.

पायरी २. कोणाला पाठवायचं नाही ते आधी ठरवा

राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. आता तिशीच्या वरच्या प्रत्येकाची तपासणी होते. आशा ताई घरोघरी सी-बॅक फॉर्म (आजाराचा धोका मोजणारी प्रश्नावली) भरतात आणि ४ पेक्षा जास्त गुण आले की त्या व्यक्तीला आधी बोलावतात. तपासण्या वाढल्या तसे रुग्ण वाढले, आणि ‘वर पाठवा’ ही सवयही वाढली. साध्या बीपीच्या, साध्या शुगरच्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात पाठवून काय होतं? तो मजुरी बुडवून जातो, रांगेत उभा राहतो आणि पीएचसीत होती तीच गोळी घेऊन येतो. असं तीनदा झालं की चौथ्यांदा, खरी गरज असताना, तो जात नाही. नको तिथे केलेला रेफर हव्या त्या रेफरवरचा विश्वास खातो.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या विदर्भातले भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. त्यातून घेण्यासारखं साधं आहे: सगळ्यांसाठी एकच ठरलेला औषधोपचाराचा क्रम, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या आणि घराजवळच्या उपकेंद्रात फॉलोअप. क्रमाचा तक्ता एमओंच्या टेबलामागे भिंतीवर असू द्या.

पाठवण्याआधी निदान पक्कं करा. चालत, धापा टाकत आलेल्या माणसाचं बीपी लगेच घेऊ नका. पाच मिनिटं बसवा, दोनदा मोजा आणि फार जास्त नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. १४०/९० किंवा वर दोन वेगवेगळ्या दिवशी आलं तर बीपी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो, म्हणून मोठा पट्टा प्रत्येक उपकेंद्रात हवा. ग्लुकोमीटरवर कधीही घेतलेली शुगर १४० च्या वर आली की तो फक्त इशारा. उपाशीपोटी १२६ किंवा जेवणानंतर दोन तासांनी २०० आणि वर, हे निदान. आपल्याकडे ‘उपाशी या’ म्हटलं तरी लोक चहा घेऊन येतात आणि चहा म्हणजे काही खाल्लं असं त्यांना वाटतच नाही. ‘चहासुद्धा नाही’ हे शब्द आशा ताईंना तोंडपाठ असू द्या.

नातेवाईक ‘नागपूरले नेतो’ म्हणून हट्ट धरतात तेव्हा चिडू नका. औषधाची पट्टी दाखवा, तिथेही हेच नाव लिहून देतील हे समजावा आणि कोणत्या लक्षणाला आपण स्वतःहून पाठवू तेही सांगा. तुमच्याकडे ‘कधी पाठवायचं’ याचं स्पष्ट उत्तर आहे हे दिसलं की माणूस थांबतो.

पायरी ३. आज, या आठवड्यात, ठरल्या तारखेला

प्रत्येक रेफरला या तीनपैकी एक शिक्का हवा. आम्ही तीन रंगांची स्केचपेनं वापरतो: लाल, पिवळं, हिरवं.

लाल म्हणजे आज, आत्ता, १०८ बोलवा. बीपी १८०/११० किंवा वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, अंधारी, बरळणं. तोंड वाकडं, हातपाय लुळा, बोबडी वळली. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘शेवटचं बरं कधी पाहिलं’ ती वेळ घड्याळाप्रमाणे चिठ्ठीवर लिहा. ‘सकाळपासून’ असं लिहू नका, आणि सीटी स्कॅन जिथे होतो तिथेच पाठवा. वाढलेल्या शुगरसोबत उलट्या, खोल श्वास, गुंगी. नव्याने शुगर निघालेलं लहान मूल, त्याला कसलाही त्रास दिसत नसला तरी. पाय काळा पडला किंवा जखमेत पू आणि ताप. गरोदर बाईचं बीपी १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी एमओंनी पाहायचं. सोबत डोकेदुखी, अंधारी, सूज असेल तर लाल.

सिकलसेलबद्दल जरा थांबून सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, कुठेही काम करा, हा रक्ताचा आनुवंशिक आजार तुमच्या ओपीडीत आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि शून्य ते चाळीस वयापर्यंतची तपासणी जोरात आहे. कार्डं वाटली जातात. कार्डानंतर काय, इथे साखळी तुटते. सिकलसेलच्या मुलाला ताप १०१ च्या वर गेला की तो साधा ताप समजायचा नाही. छातीत दुखून दम लागला, एकाएकी फिकट पडलं, पोटात डाव्या बाजूला फुगलं, हातपाय लुळा पडला तर लाल शिक्का. हाडं फोडून काढल्यासारखं दुखतं तेव्हा या रुग्णांना अनेकदा ‘अंगदुखी आहे, गोळी घे’ म्हणून परत पाठवलं जातं. चिठ्ठीवर ठळक लिहा (एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला): ‘एसएस रुग्ण, वेदनेचा झटका, दुखणं थांबवणारं औषध ताबडतोब द्यावं.’ हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असलेल्यांच्या रक्तपेशी ठरावीक अंतराने मोजाव्या लागतात. नमुना पीएचसीतून महालॅब या सरकारी योजनेच्या प्रयोगशाळेकडे जातो, त्यासाठी रुग्णाला जिल्ह्याला पाठवायचं कारण नाही. आणि वाहक, म्हणजे एएस असलेले, आजारी नाहीत. त्यांना रेफर करू नका. लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करा, एवढं नीट समजावून सांगा. कार्ड पाहून पोरीचं लग्न मोडल्याची उदाहरणं आपल्या गावांत आहेत, म्हणून ते बंद खोलीत सांगा.

पिवळं म्हणजे या आठवड्यात. लक्षणं नसलेलं १८०/११० चं बीपी. मात्र त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका, पहिली गोळी त्याच दिवशी पीएचसीत सुरू करा. शुगरच्या माणसाच्या पायावरची नवी जखम. स्तनातली गाठ. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव. आणि तोंड. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आपल्या भागात शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या गालात असतो. प्रत्येक बीपीच्या रुग्णाला ‘आ करा’ म्हणा आणि टॉर्च मारा. तीन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटं जाणार नाहीत इतकंच उघडणारं तोंड, हे ग्रामीण रुग्णालयाच्या दंतवैद्यांकडे. तिथे तुकडा तपासायची सोय नसेल तर तो रुग्ण दोनदा फिरेल, म्हणून हे नकाशावर आधी पाहा आणि थेट तपासणी होते तिथेच पाठवा.

हिरवं म्हणजे ठरल्या तारखेला. शुगरच्या प्रत्येक रुग्णाचा वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा. तीन औषधं पूर्ण डोसमध्ये नियमित घेऊनही न उतरणारं बीपी. चाळिशीच्या आत निघालेलं जास्त बीपी. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेलेली किडनी. लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन हे वर्षातून एकदा इथेच करता येतं. हिरव्यांना एकेकटं पाठवू नका. आठ-दहा जणांची एकच तारीख ठरवा, आशा ताईंपैकी एकीला सोबत द्या. गावातले पाच जण सोबत निघाले की सहावाही निघतो.

पायरी ४. चिठ्ठी

कार्बनचं चिठ्ठीबुक छापून घ्या. एक प्रत रुग्णाला, एक आपल्याकडे. रुग्णाच्या प्रतीचा खालचा अर्धा भाग फाडून परत आणण्यासाठी असावा. वरचा भाग डॉक्टरांसाठी, मधली पट्टी रुग्णासाठी मराठीत मोठ्या अक्षरांत, खालचा भाग परतीचा.

डॉक्टरांसाठी काय लिहायचं, त्याचा एक नमुना:

‘पु., ५२ वर्षं. बीपी ६ वर्षं, शुगर ४ वर्षं. अम्लोडिपिन १० मिग्रॅ सकाळी, टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ सकाळी, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ दोनदा. गेल्या तीन भेटींतलं बीपी: १६४/९८, १५८/९६, १६६/१००. गोळ्या नियमित, आशांनी मोजून पाहिल्या. क्रिएटिनिन मार्चमध्ये १.१, आता १.९. दुखण्याच्या गोळ्या औषध दुकानातून घेत होते, बंद केल्या. प्रश्न: किडनीचं काय सुरू आहे आणि टेल्मिसार्टन चालू ठेवावं का?’

शेवटची ओळ बघा. प्रश्न लिहिला की उत्तर येतं. नुसतं ‘पुढील उपचारासाठी’ लिहिलं की वरचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो, सगळ्या तपासण्या पुन्हा लिहितो आणि आपला प्रश्न तसाच राहतो. गेल्या तीन भेटींचे आकडेही सोडू नका, एका दिवसाच्या आकड्यावर कोणी निर्णय घेऊ शकत नाही.

मधल्या पट्टीत: ‘मंगळवारी जा. सकाळी १० च्या आत. पहिल्या मजल्यावर एनसीडी क्लिनिक, सिस्टरांना ही चिठ्ठी दाखवा. उपाशी जायचं, डबा सोबत न्या. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.’ वाचता न येणाऱ्यांसाठी हेच आशा ताईंनी तोंडी सांगून त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरात ते त्यांच्याच भाषेत सांगणारं कोणी शोधा. मराठीत मान डोलावली म्हणजे समजलं असं नाही.

खालच्या परतीच्या भागात चारच रकाने: निदान, औषध (मूळ नाव आणि डोस), पुढची तारीख, पीएचसीने काय पाहावं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर यापेक्षा जास्त भरणार नाहीत. चार रकाने भरतात, हा माझा अनुभव आहे, विशेषतः सिस्टर समोर ठेवून उभी असेल तर.

पायरी ५. पाठवण्याआधी विचारा

लाल सोडून बाकी रुग्णांसाठी आधी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवर, विचारून पाहा. उपकेंद्रातल्या सीएचओ थेट तज्ज्ञांशी बोलू शकतात आणि हिरव्यांपैकी बरेच तिथेच सुटतात. रेंज नसेल तर साधा फोन. मात्र रुग्णाचं नाव, फोटो, रिपोर्ट तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. सिकलसेल, एचआयव्ही, मानसिक आजाराच्या बाबतीत तर कधीच नाही. गटातला एक स्क्रीनशॉट गावात पोहोचायला तास लागत नाही.

लाल रुग्णासाठी फोन करायचा तो १०८ निघाल्याबरोबर, ‘किती वाजता पोहोचेल, काय आहे, काय दिलं’ एवढ्या तीन वाक्यांचा.

पायरी ६. जाण्याचा दिवस

तारीख रुग्णाला विचारून ठरवा. बाजाराचा दिवस, मजुरीचा दिवस, पोळा टाळा. भंडारा-गोंदियात जुलैमध्ये रोवणी (भाताची लावणी), पश्चिमेकडे ऑक्टोबरात सोयाबीन आणि मग कापूस, गडचिरोलीत उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. या काळात हिरव्या रुग्णाला तारीख देऊन उपयोग नाही. तेंदूच्या हंगामात माणूस पहाटेच जंगलात जातो आणि वर्षाची रोकड त्या थोड्या दिवसांत कमावतो. त्याच्या जागी आपणही गेलो नसतो.

पैशाचं स्पष्ट बोला. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या वरच्यांना मोफत प्रवास. आधार कार्ड सोबत हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथे केसपेपरला आणि काही तपासण्यांना पैसे लागू शकतात, तेवढे सोबत ठेवायला सांगा. भरती, शस्त्रक्रिया, डायलिसिससाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्डवर त्या माणसाचं नाव आहे ना, आधारवरच्या नावाशी जुळतं ना, हे पीएचसीतच पाहा. स्पेलिंगच्या एका फरकासाठी माणसं जिल्ह्याहून परत आलेली आहेत. रुग्णालयात आधी या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला भेटायचं, हेही मधल्या पट्टीत लिहा.

सोबत कोण जाणार? म्हातारी एकटी असेल, मुलगा पुण्यात कामाला असेल, तर ती जाणार नाही आणि तसं सांगणारही नाही. हा प्रश्न आपणच विचारायचा.

पायरी ७. परत आल्यावरचे सात दिवस

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रुग्ण शहरातून नव्या पट्ट्या घेऊन येतो. त्यावर कंपनीचं नाव असतं. आपल्या पीएचसीच्या पट्टीवर मूळ औषधाचं नाव. त्याला दोन्ही वेगळ्या वाटतात, म्हणून तो दोन्ही घेतो. एका शेतकऱ्याला चक्कर येऊन बांधावर पडलेलं आम्ही आणलं. थैलीत तीन पट्ट्या, तिन्हीत अम्लोडिपिन: एक आमची, एक तालुक्याच्या खासगी डॉक्टरांची, एक शहरातली. तिघांनीही बरोबर औषध दिलं होतं. थैली मात्र कोणीच उघडून पाहिली नव्हती.

म्हणून नियम करा: रुग्ण परतल्यापासून सात दिवसांच्या आत आशा ताईंची भेट, आणि त्या भेटीत घरातल्या सगळ्या गोळ्या अंथरायच्या. फोटो नको, प्रत्यक्ष पट्ट्या. मग सीएचओ किंवा एमओ बसून तीन ढीग करतात: चालू, बंद, बदललेली. बंद झालेली पट्टी घरी ठेवू देऊ नका. रोजच्या गोळ्यांची नवी यादी एका कार्डावर लिहा, सूर्य आणि चंद्राच्या चित्रासह. जुन्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये तारखेने लावा आणि फाइल घरीच ठेवायला सांगा, प्रत्येक भेटीला आणायची. आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर.

मग औषधसाठा. वरून लिहून आलेलं औषध आपल्याकडे नसेल तर तीनच वाटा: त्याच गटातलं आपल्याकडचं औषध एमओंनी विचार करून बदलून देणं, तालुक्यातून मागवणं किंवा रुग्णाने विकत घेणं. तिसऱ्या वाटेवर माणूस दोन महिने टिकतो. त्यामुळे परतीच्या चिठ्ठ्यांवरची औषधं दर महिन्याला मोजा आणि इंडेंट (औषधांची मागणी) त्यावरून भरा. गेल्या वर्षीच्या इंडेंटवरून भरू नका.

इन्सुलिनचं वेगळं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५ च्या आसपास जातो, घरात फ्रिज नसतो, असला तर वीज नसते. बंद शिशी पीएचसीच्या फ्रिजमध्ये ठेवा आणि एकेक द्या. सुरू असलेली शिशी घरी पाणी झिरपणाऱ्या मडक्यात, पण पाण्यात बुडणार नाही अशी डब्यात घालून, सावलीत. उघडल्याची तारीख शिशीवर लिहा, चार आठवड्यांनी टाकून द्या. आणि शुगर उतरल्याची लक्षणं, घाम, थरथर, भूक, ही घरातल्या दुसऱ्या एका माणसाला शिकवा. गूळ कुठे ठेवलाय ते त्यालाही माहीत हवं.

पायरी ८. रजिस्टर आणि महिन्याची बैठक

एक लांब रजिस्टर, प्रत्येक रेफरसाठी एक ओळ. पाठवल्याची तारीख, रंग, कुठे, पोहोचले का, परतीची चिठ्ठी आली का, सात दिवसांत भेट झाली का, औषध जुळलं का. रिकामा रकाना डोळ्यात खुपला पाहिजे, म्हणून पोहोचलेल्यांसमोर बरोबरची खूण आणि न पोहोचलेल्यांची जागा कोरी.

लाल रुग्णाचा फोन दुसऱ्या दिवशी, पिवळ्याचा दहाव्या दिवशी, हिरव्याचा ठरल्या तारखेनंतर आठवड्याने. फोन लागत नसेल तर आशा ताई घरी. न गेलेल्याला रागावू नका. ‘काय अडलं?’ एवढंच विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहा. आमच्या एका महिन्याच्या उत्तरांत ‘भीती वाटली’ हे उत्तर ‘पैसे नव्हते’ पेक्षा जास्त वेळा आलं होतं. भीती ऑपरेशनची, पाय कापतील याची. ते कळल्यावर आम्ही पाय वाचलेल्या एका काकांना पुढच्या गटासोबत पाठवू लागलो.

महिन्याच्या आढाव्यात किती पाठवले हा आकडा वाचूच नका. समजा २० पाठवले. १३ पोहोचले, ६ परतीच्या चिठ्ठ्या आल्या, ४ जणांचं औषध जुळलं. चर्चा १३ आणि ६ मधल्या फटीवर करा, कारण ती फट बहुधा एका ठिकाणची असते: एक ओपीडी, एक खिडकी, सुट्टीवर गेलेली एक सिस्टर. ती नावानिशी शोधा आणि त्याच दिवशी फोन करा. दर तीन महिन्यांनी ग्रामीण रुग्णालयाच्या त्या सिस्टरला बैठकीला बोलवा. आपण चुकीचे पाठवलेले रुग्ण कोणते, हे तिच्याकडून ऐका. ते ऐकायला जड जातं, पण आमच्या चिठ्ठ्या सुधारल्या त्या त्यामुळेच.

गावातल्या मृत्यूंची ओळही याच रजिस्टरात असू द्या. बीपी, शुगर, किडनी, सिकलसेलचा रुग्ण गेला तर मागची सहा महिन्यांची पानं उलटा आणि साखळी कुठे सुटली ते एमओ, सीएचओ, आशा ताई एकत्र बसून पाहा. दोष कोणाच्या माथी मारायला बसू नका, नाहीतर पुढच्या वेळी ओळच लिहिली जाणार नाही.

सुरुवात कशी करावी

सगळं एकदम नको. एक पीएचसी, दोन उपकेंद्रं, एकच आजार, तीन महिने. पहिल्या आठवड्यात नकाशा आणि ग्रामीण रुग्णालयातली बैठक. दुसऱ्यात चिठ्ठीबुक छापा आणि आशा ताईंना दोन तास प्रत्यक्ष भरून दाखवा. तिसऱ्यात पहिला हिरवा गट पाठवा, आणि त्या दिवशी स्वतः एमओंनी सोबत जावं. केसपेपरच्या रांगेत उभं राहावं, पायऱ्या चढाव्यात, पाण्याचा नळ कुठे आहे ते पाहावं. मी त्या काकूंच्या डोळ्यांसाठी गेलो तेव्हा कळलं की नेत्र विभागाची पाटी फक्त इंग्रजीत होती.

पावसाळ्यातल्या गावांची यादी मात्र मे महिन्यातच करा. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, तशी छोटी गावं प्रत्येक तालुक्यात आहेत. तिथल्या प्रत्येक बीपी-शुगरच्या रुग्णाला जूनच्या पहिल्या आठवड्यात ६० ते ९० दिवसांच्या गोळ्या, सिकलसेलच्या रुग्णांना फॉलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सियुरिया, पिवळ्या-हिरव्या तपासण्या पावसाआधी पूर्ण, आणि लाल रुग्ण निघाला तर होडी कोणाची, खाट कोण उचलणार, पलीकडच्या काठावर गाडी कोणाची, हे ग्रामपंचायतीत बसून नावानिशी ठरवून त्या गावच्या आशा ताईंच्या डायरीत लिहून ठेवा.